सत्तावन्नची म्हणून जपलेली कार्बाइन: ओळख, कागद आणि किंमत

मामाचा सदाशिव पेठेतला वाडा रीडेव्हलपमेंटला गेला तेव्हा माळ्यावरचं सगळं सामान खाली आलं आणि त्यात ती बंदूक. ती तिथे आहे हे घरात सगळ्यांना माहितीच होतं, दरवर्षी खंडेनवमीला खाली यायची, हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची आणि दसरा झाला की जुन्या धोतरात गुंडाळून परत वर. घरातली गोष्ट अशी की मामाचे खापरपणजोबा तात्या टोप्यांच्या फौजेत होते आणि ही सत्तावन्नच्या धामधुमीतली बंदूक. आता वाटणीची यादी करायची होती, मावशीचा हिस्सा द्यायचा होता, यादीत तांब्याचा बंब, शिसवी कपाट, देवघर असं सगळं लिहून झालं आणि "बंदूक, १ नग" याच्यापुढे किंमत काय टाकायची इथे गाडं अडलं. मावसभावाने कुठलातरी व्हिडिओ बघितला होता, तो म्हणाला वीस लाखाच्या खाली बोलूच नका. मला जुन्या हत्यारांचा नाद आहे, केळकर म्युझियममधली शस्त्रं मी लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळे मामा म्हणाला तूच बघ बाबा हे.

किंमत ही सगळ्यात शेवटची गोष्ट आहे. आधी ती घरात ठेवणं कायदेशीर आहे का, मग ती नक्की आहे काय, आणि मग किंमत. बरेच लोक उलटं करतात, आधी फोटो टाकून "कितीला जाईल" विचारतात, आणि त्यात स्वतःला अडचणीत आणतात.

पहिल्या दिवशी मी फक्त दोन गोष्टी केल्या. बंदुकीचं तोंड भिंतीकडे करून ठेवली, चापाला कुणाला हात लावू दिला नाही, घरातल्या पोरांना त्या खोलीत येऊ दिलं नाही, कारण जुनी हत्यारं भरलेल्या अवस्थेत ठेवून दिलेली सापडतात, विशेषतः ठासणीच्या (तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुका, आणि त्यातली दारू शंभर वर्षांनीही पेट घेऊ शकते. आणि दुसरं म्हणजे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, शेजारी मोजपट्टी ठेवून. नंतर ते फोटो इतके उपयोगी पडले की काय सांगू.

माळ्यावरच्याच एका ट्रंकेत एक जीर्ण पुस्तिका मिळाली. पणजोबांच्या नावाचं लायसन्स, १८७८ च्या इंडियन आर्म्स ॲक्टखालचं, रिन्यूअलचे शिक्के, शेवटचा शिक्का १९५३ चा. वर्णनात लिहिलेलं, ब्रीच लोडिंग (मागून भरायची), सिंगल बॅरल (एकनळी), स्मूथ बोअर (नळी आतून गुळगुळीत). मामी ती रद्दीच्या गठ्ठ्यात टाकत होती, मी अक्षरशः हातातून घेतली. ही पुस्तिका प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घातली आणि स्कॅन केली.

आता कायद्याचं. १९५९ च्या आर्म्स ॲक्टच्या कलम ४५ मध्ये एक सूट आहे, जुन्या कालबाह्य पद्धतीचं किंवा पुराणवस्तू म्हणून मूल्य असलेलं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरताच येत नाही, त्याला हा कायदा लागू नाही. लोक यातला पहिला अर्धा भाग वाचतात आणि म्हणतात जुनी आहे ना, मग लायसन्स कशाला. पण "वापरताच येत नाही, दुरुस्त करूनही नाही" हा भाग महत्त्वाचा, आणि ते ठरवणारे आपण नाही. २०२० मध्ये केंद्राने क्युरिओ (जुन्या, दुर्मिळ वस्तू) प्रकारातल्या छोट्या हत्यारांबद्दल अधिसूचना काढली की ती नुसती बाळगायला लायसन्स नको, पण वापरायला, बरोबर घेऊन फिरायला, एका जागेवरून दुसरीकडे न्यायला लागतं. म्हणजे तुमच्या घरातली जुनी बंदूक गाडीच्या डिकीत टाकून कुणाला दाखवायला नेणं हे सुद्धा करू नका. आमच्याकडे तर वाडाच रिकामा करायचा होता, बंदूक हलवायची तर होतीच.

म्हणून वकिलांकडून अर्ज लिहून घेतला, जुन्या लायसन्सची प्रत आणि फोटो जोडले, पोलिस स्टेशनला एक आणि आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेला एक. (पुणे शहरात लायसन्सचे अधिकार पोलिस आयुक्तांकडे आहेत, कलेक्टरकडे नाही.) मामाला भीती होती की इतकी वर्षं लायसन्सशिवाय घरात ठेवली म्हणून काहीतरी लचांड मागे लागेल, रात्री झोप नव्हती बिचाऱ्याला. पण आपण होऊन गेलो, कागद घेऊन गेलो, वारसाहक्काची वस्तू आहे हे सिद्ध होत होतं, तिथले साहेब नीट बोलले. पंचनामा झाला, आणि लेखी परवानगीने बंदूक कॅम्पातल्या एका लायसन्सधारक शस्त्रविक्रेत्याकडे सेफ कस्टडीत जमा झाली. कायद्यात तशी सोय आहे, पोलिस स्टेशन किंवा लायसन्सवाला डीलर. पुढचं सगळं निरीक्षण आम्ही त्या दुकानात बसून केलं, सोबत ओळखीतले एक काका होते, खडकीच्या आर्मी वर्कशॉपमधून आर्मरर (हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारे) म्हणून निवृत्त झालेले, हातात हत्यार घेतलं की त्यांचा चेहराच बदलतो.

काकांनी पहिल्यांदा घोडा अर्ध्या कॉकवर (अर्ध्यापर्यंत मागे) ओढला आणि ब्रीचचा, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाचा, ठोकळा उघडायला बघितला, गंजाने धरला होता, तेलाचे थेंब सोडून तसाच ठेवला, दुसऱ्या दिवशी पेटीच्या झाकणासारखा उजवीकडे उघडला. आत काडतूस नव्हतं. आणि तिथेच अर्धी ओळख पटली. ही ठासणीची नाही, टोपीची (तोंडातून भरून बाहेरून स्फोटक टोपी बसवायची) सुद्धा नाही, ही स्नायडर.

स्नायडरची गोष्ट थोडी सांगायला हवी कारण तिच्यावरच सगळं अवलंबून आहे. १८५३ च्या पॅटर्नची एनफील्ड, म्हणजे ज्या काडतुसांवरून सत्तावन्नला भडका उडाला ती, तोंडातून ठासून भरायची बंदूक होती. प्रशियाच्या फौजेकडे मागून भरायच्या बंदुका आधीपासूनच होत्या, पुढे त्यांनी लढाया जिंकल्या, आणि इंग्रजांना घाई झाली. लाखो एनफील्ड फेकून द्यायच्या का? तर जेकब स्नायडर नावाच्या अमेरिकन माणसाची युक्ती त्यांनी १८६६ मध्ये घेतली, जुन्या नळीचा मागचा तुकडा कापायचा, तिथे बिजागरीचा ठोकळा असलेली नवी ब्रीच बसवायची, बाकी कुंदा, लॉक (घोडा उडवणारी यंत्रणा आणि तिची पट्टी), घोडा सगळं जुनंच. पितळेच्या पत्र्याचं ०.५७७ इंचाचं बॉक्सर काडतूस घालायचं, झाडायचं, ठोकळा उघडून मागे ओढायचा आणि बंदूक उलटी करून रिकामं काडतूस पाडायचं.

म्हणजे लक्षात घ्या, एकाच बंदुकीवर दोन काळ असतात. लॉकवर कोरलेलं साल हे मूळ ठासणीच्या बंदुकीचं आणि ब्रीच त्याच्या कितीतरी वर्षं नंतरची. जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन विकणारे फक्त लॉकवरचं साल वाचतात आणि तेच सांगतात.

आमच्या लॉकवर घोड्याच्या मागे मुकुट आणि खाली व्ही आर (व्हिक्टोरिया राणी), पुढे टॉवर आणि १८६३. टॉवर असलं की लंडनच्या टॉवरमध्ये बनली असं सगळे म्हणतात, तसं नसतं, बर्मिंगहॅम आणि लंडनच्या कंत्राटदारांनी बनवलेले भाग सरकारी तपासणी होऊन आले की टॉवरचा शिक्का, आणि सरकारच्या स्वतःच्या कारखान्यातली असेल तर एनफील्ड लिहिलेलं असतं. ब्रीचच्या डाव्या बाजूला दोन रोमन उभ्या रेघा आणि शेजारी दोन चांदण्या, म्हणजे मार्क दोनचा (स्नायडरच्या दुसऱ्या आवृत्तीचा) शेवटचा सुधारलेला प्रकार. मार्क तीन असती तर ठोकळ्याला बंद धरणारी छोटी कळ दिसली असती, ती इथे नाही.

मग कार्बाइन कुठली. कार्बाइन म्हणजे घोडेस्वार आणि तोफखान्याच्या लोकांसाठी केलेली आखूड बंदूक. आमची नळी ब्रीचच्या पुढे साडेएकवीस इंच भरली, कुंद्याचं लाकूड जवळपास तोंडापर्यंत जातं, दोन पट्टे आहेत, आणि तोंडाजवळ संगीन अडकवायची खुंटी आहे. घोडेस्वाराची असती तर नळी सव्वाएकोणीस इंचाच्या आसपास, लाकूड अर्ध्यातच संपलेलं आणि संगिनीची सोयच नाही. म्हणून ही आर्टिलरी कार्बाइन, १८६१ च्या पॅटर्नची, नंतर स्नायडरमध्ये बदललेली. लांब रायफल कापून आखूड केलेली तर नाही ना हेही बघावं लागतं, कारण अशा कापलेल्या खूप फिरतात, तोंडाजवळची पितळी टोपी आणि पुढची माशी (नेम धरायचा खुंटा) मूळ जागी आहे का, पट्ट्यांमधलं अंतर बरोबर आहे का, नळीचं तोंड करवतीने कापल्यासारखं वेडंवाकडं आहे का. काकांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले नाही, ही जन्मापासून एवढीच आहे.

नकली आहे का हाही प्रश्न होताच. वायव्य सरहद्दीकडे (आताच्या पाकिस्तानात), दर्रा आदमखेल वगैरे भागात, हाताने हुबेहूब बंदुका बनवायचे आणि त्यावर इंग्रजी शिक्के मारायचे, पण अक्षरं येत नसायची त्यामुळे एन उलटा, मुकुट ओबडधोबड, कधी व्ही आर च्या खाली १९०७ असं साल, आणि राणी तर जानेवारी १९०१ मध्येच गेली. आमच्या शिक्क्यांची अक्षरं खोल, सरळ, एकसारखी. नळीवर बाण आणि आय चा शिक्का, म्हणजे हिंदुस्थानसाठीचा सरकारी माल. आणि एके ठिकाणी दोन बाण टोकाला टोक लावून, तो शिक्का सरकारी सेवेतून विकून टाकलेल्या मालावर मारतात. तो दिसला तेव्हा मला फार आनंद झाला कारण चोरीची किंवा लुटीची नाही, सरकारने रीतसर विकलेली आहे हे त्या लोखंडावरच लिहून ठेवलेलं.

सिरियल नंबर शोधत बसू नका, हे मुद्दाम सांगतो. या काळातल्या एनफील्डवर कारखान्याचा असा सिरियल नंबर नसतो ज्यावरून सगळा इतिहास निघेल. जे आकडे दिसतात ते जोडणीचे किंवा पलटणीत रॅकवर ठेवायचे.

आता नळीच्या आत. काकांनी मागून टॉर्च मारला, मी पुढून बघितलं, आत पाच आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) दिसायला हवे होते, १८६१ च्या आर्टिलरी कार्बाइनला पाच असतात. एकही नाही. गुळगुळीत. दुकानदार म्हणाला झिजलेत, मग हिची किंमत गेली. पण झिजलेले आटे असे सगळीकडे सारखे जात नाहीत, कुठेतरी सावली राहते, आणि भोक सुद्धा ०.५७७ पेक्षा मोठं भरलं. मुद्दाम आटे काढून नळी घोटलेली होती. आणि मग मला ती पुस्तिका आठवली, स्मूथ बोअर!

सत्तावन्ननंतर इंग्रजांनी धोरणच ठेवलं होतं की हिंदी शिपायाच्या हातात गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी मागचं हत्यार असावं. गोऱ्यांकडे आटे असलेल्या एनफील्ड होत्या तेव्हा हिंदी पलटणींना मुद्दाम गुळगुळीत नळीच्या मस्केट दिल्या. गोऱ्यांकडे स्नायडरनंतरची मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी पलटणींकडे स्नायडर गेल्या. आणि स्नायडर पलटणीतूनही निघाल्या तेव्हा त्यातल्या बऱ्याच आटे काढून पोलिसांना मिळाल्या, जमाव पांगवायला छऱ्यांचं काडतूस चालतं, लांबवर अचूक मारायची गरज नाही, आणि चोरीला गेली तरी फौजेला धोका नाही. तिथून पुढे विकल्या गेल्या आणि शिकारीच्या नावाखाली लायसन्सवर लोकांकडे आल्या. म्हणजे आमच्या बंदुकीच्या नळीत जो "दोष" दिसत होता तोच तिचा सगळा प्रवास सांगत होता, आणि पणजोबांच्या लायसन्सवरचे दोन शब्द त्याला जुळत होते. मी त्या दुकानात अक्षरशः उभा राहिलो होतो. वस्तू आणि कागद एकमेकांची साक्ष देतात तेव्हा जे वाटतं ते वेगळंच.

राहिली पितळी पट्टी, कुंद्याच्या मागची. तिच्यावर पलटणीचं किंवा खात्याचं नाव असायची शक्यता सगळ्यात जास्त. पण घरात पिढ्यान् पिढ्या दसऱ्याला चिंच आणि राख लावून ती घासलेली, आरशासारखी लख्ख. खोली अंधारी केली, टॉर्च पट्टीला जवळजवळ चिकटवून आडवा धरला, तेव्हा पुसट सावल्या उठल्या, वर एक अर्धं अक्षर, पी असावं, आणि खाली ११७. पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसाही घेतला. इथे हात जोडून सांगतो, घरात असं काही असेल तर घासू नका. ना चिंच, ना पॉलिश पेपर, ना वॉर्निश. लोखंडावरचा तो तपकिरी काळपट थर म्हणजे घाण नाही. सैल गंज तेलाच्या फडक्याने पुसा, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, बास. स्क्रू उघडायला बाजारातला कुठलाही पेचकस वापरून खाचा फाटतात आणि ज्याला कळतं तो पहिल्यांदा खाचाच बघतो.

तपासणीला वेळ लागला. ठोकळ्यातली ठोकणारी पिन नव्हती, निपल (ज्यावर घोडा आदळतो तो तुकडा) तुटलेला, आणि नळी ब्रीचला मिळते तिथे गंजाने आतून खड्डे पडून एक तडा गेलेला. शेवटी तज्ज्ञांचं मत आलं की ही वापरण्याजोगी नाही आणि सुरक्षितपणे दुरुस्तही होणार नाही, आणि तसं पत्र मिळून बंदूक मामाला परत मिळाली. मधे एका ओळखीच्याने सल्ला दिला होता की नळीत वेल्डिंग मारून टाका, कटकट मिटेल. मी साफ नाही म्हणालो. दीडशे वर्षांची वस्तू आहे, ब्रीच वेल्ड केली की ती उघडणार नाही, म्हणजे स्नायडरमधलं जे स्नायडर आहे तेच मेलं. कायद्याने सांगितलंच तर गोष्ट वेगळी, पण आपण होऊन नाही.

आता किंमत. इंटरनेटवर दिसतात ते आकडे इंग्लंड-अमेरिकेतले. अमेरिकेत १८९९ च्या आधी बनलेली बंदूक अँटिक धरतात, इंग्लंडमध्ये स्नायडरचं काडतूस कालबाह्य यादीत आहे, त्यामुळे तिथे लायसन्सशिवाय संग्राहक घेतात, खुला बाजार आहे. शिवाय २००३ च्या सुमारास काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला नेपाळच्या राणा राज्यकर्त्यांच्या काळातला प्रचंड साठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला, त्यात मार्टिनी, स्नायडर ढिगाने होत्या, त्यामुळे साध्या अवस्थेतला माल दुर्मिळ राहिलाच नाही. चांगली, आटे शाबूत असलेली आर्टिलरी कार्बाइन तिकडे साधारण हजार पौंडांच्या आसपास मागतात असं मला दिसलं, विक्रेत्यांनी मागितलेले भाव नाही तर लिलावात खरोखर उतरलेले भाव बघितले तर त्याहून कमी. आमची आटे काढलेली, पिन नाही, नळी साफ करायची सळई नाही, तडा आहे, शिक्के मात्र सुंदर. मी ३०० ते ४०० पौंड धरले, म्हणजे ३५ ते ४५ हजार रुपये.

पण ती तिकडे जाऊच शकत नाही. १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू म्हणजे १९७२ च्या कायद्याने पुरावशेष, खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. मग पौंडांचा हिशोब हा फक्त तुलनेसाठी. इथे घेणारे मोजके, आणि व्यवहार कागदांशिवाय करूच नये. एकाने फोनवर "दोन लाख कॅश, कागद नको" असंही सांगून बघितलं, मामाने फोन ठेवून दिला, मला मामाचा अभिमान वाटला. वाटणीच्या यादीत आम्ही ४० हजार लिहिले, खाली पानभर टिपण जोडलं, मोजमापं, शिक्क्यांचे फोटो, पोलिसांचं पत्र, लायसन्सच्या प्रती. माझं मत असं की त्या ४० मधले निम्मे तरी त्या पुस्तिकेचे आहेत. तीच बंदूक कागदांशिवाय असती तर इथे तिची किंमत शून्य, उलट डोक्याला ताप.

मावसभावाला वीस लाखांवरून खाली आणणं सोपं गेलं. अवघड होतं ते मामाला सांगणं. तात्या टोप्यांना १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीला फाशी दिली, लॉकवर साल १८६३, स्नायडरची युक्ती १८६६ ची. सगळे कागद समोर मांडून सांगितलं. मामा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, खापरपणजोबा तिकडे नव्हते असं तर यातून निघत नाही ना? मी म्हणालो नाही मामा, ते अजिबात निघत नाही, बंदूक नंतर घरात आली एवढंच. मामी म्हणाली मग पूजा करायची का नाही? करायची की, पण झेंडूची माळ ओली नको आणि हळदकुंकू लाकडावर नको, शेजारी तबकात वाहा, एवढं तिने मान्य केलं. मावशीने तिचा वाटा पैशात घेतला.

पट्टीवरच्या त्या अर्ध्या अक्षराचा शोध चालू आहे. बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या वेळची सरकारी दफ्तरं मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहेत, पोलिसांच्या शस्त्रवाटपाची आणि लिलावात काढलेल्या मालाची नोंद त्यात कुठेतरी मिळावी म्हणून मी अर्ज केलाय. जिल्हा कुठला होता एवढं जरी कळलं तरी पणजोबांनी ती कुठून घेतली असेल याचा अंदाज बांधता येईल, कारण नोकरीत त्यांच्या बदल्या नगर आणि खानदेशात झालेल्या मामाला आठवतात.